आतलं चाक

महादेवीबाईंनी गाडी गॅरेजच्या दारात आणून उभी केली, इंजिन बंद केलं, पण खाली उतरल्या नाहीत. एरवी त्या चष्मा कपाळावर सरकवून बिरदेवकडं बघायच्या, आणि त्या बघण्यावरनंच त्याला कळायचं, आज काय बिघडलंय ते. त्या दिवशी त्यांनी चष्माही काढला नाही.

"आतलंच चाक," त्या म्हणाल्या. "परत तेच. वळणातनं बाहेर पडताना पाय दाबला की इंजिन नुसतं किंचाळतंय, अन् गाडी जागच्या जागी."

"धूर निघतोय का?"

"धूर निघतोय, रबराचा वास येतोय, सगळं होतंय. पुढं जाणं तेवढं होत नाही बघा."

बिरदेवनं हात पुसले आणि मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. डाव्या टायरची एका बाजूची नक्षी पार उडाली होती. उजवा टायर मात्र नव्यासारखा. गेल्या वर्षी घाटात हेच झालं होतं, आणि त्यापायी बाई शेवटून दुसऱ्या आल्या होत्या.

महादेवीबाई म्हणजे बाळीवेशीतल्या डॉक्टर कलशेट्टी. बायकांचा आणि लहान मुलांचा दवाखाना चालवायच्या. आठवडाभर पांढऱ्या सुती साडीत रोगी तपासायच्या आणि रविवारी सकाळी विजार चढवून, केस रुमालात घट्ट बांधून रेसगाडी काढायच्या. सोलापूरला सुरुवातीला ह्याचं फार नवल वाटलं. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहून बघायचे. पुढं त्याच लोकांच्या सुना-लेकींची बाळंतपणं बाईंच्या हातनं झाली, आणि नवल संपून गेलं.

गाडी इंग्रजी होती, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. हिरवा रंग, लांब नाक, तारांची चाकं, वर टप नाही. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढीच जागा. बाईंच्या वडिलांनी ती एका संस्थानिकाच्या मोडीत निघालेल्या ताफ्यातनं आणली होती. पुढं तिचा मागचा एक्सल तुटला. विलायतेहून नवा मागवणं जमेना, तेव्हा वडिलांनी जीपचा एक्सल कापून-सांधून खाली बसवला. वडील गेले, पण तो एक्सल अजून होता, आणि गाडी आता बाई चालवत होत्या.

बिरदेव मेटकरी मूळचा मंगळवेढ्याकडचा, मेंढरांमागं वाढलेला. पलटणीत मोटारदुरुस्ती शिकला, तिथली नोकरी पुरी करून होटगी रस्त्याला गॅरेज टाकलं. ट्रक, जीपा, ट्रॅक्टर, जे येईल ते करायचा. पण ही हिरवी गाडी आली की बाकीची कामं आपोआप मागं सरायची. बायको मायाक्का म्हणायची, "सवत आली वाटतं."

शर्यत साधी होती. पुण्याचा एक मोटार क्लब दरवर्षी फाल्गुनात घाटातली चढण लावायचा. एका वेळी एकच गाडी; पायथ्यापासून माथ्यापर्यंत कुणाला किती कमी वेळ लागतो ते बघायचं. जुन्या गाड्यांचा गट वेगळा. त्या घाटात चार वळणं अशी होती की गाडी जवळजवळ आली तशी परत फिरायची. तिथं गाडी बाहेरच्या अंगाला कलली की आतलं मागचं चाक हलकं व्हायचं. आणि डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांच्या जोडणीचा, स्वभावच असा, की दोन चाकांपैकी जे हलकं, ज्याला फिरायला सोपं, त्याच्याकडंच इंजिनाचा सगळा जोर जायचा. ते बापडं हवेत गरगरायचं आणि ज्या चाकानं गाडी ओढायची ते नुसतं बघत राहायचं.

"ह्याला उपाय करायचाच औंदा," बिरदेव म्हणाला. "आत या, चहा मांडतो."

उपाय तीन होते. बाईंनी इंग्रजी मासिकांतनं वाचून ठेवलं होतं, बिरदेवनं पलटणीत ऐकून. पहिला विलायती, खुंट्यांचा. त्या काळच्या तिकडच्या रेसगाड्यांत असायचा. आतल्या खुंट्या चाकाला धरायच्या तेव्हा एकदम धरायच्या आणि सोडायच्या तेव्हा एकदम सोडायच्या, झिजायच्याही लवकर. शिवाय जीपच्या एक्सलात तो बसणार नव्हता. तो विचार बाईंनी स्वतःच बाजूला ठेवला. दुसरा प्लेटांचा. क्लचसारख्या पातळ पोलादी चकत्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या. दोन चाकांच्या वेगात फरक पडला की त्या घासत घासत सरकतात, पण चाकाला पुरतं मोकळं सोडत नाहीत. फौजेच्या काही जीपांत असं डिफरन्शियल घातलेलं असतं, असं बिरदेवच्या कानावर होतं. हातात मात्र कधी आलं नव्हतं.

"मग शोधत कशाला बसायचं?" बिरदेव म्हणाला. "तिसरा हाय की सोपा. आतलं स्टार गिअर वेल्डिंग करून टाकतो. दोन्ही चाकं एक. एक फिरलं की दुसरं फिरलंच पायजे. भांडणच न्हाय."

"अन् वळणात?"

"वळणात जरा जड जाईल. तेवढं तुमी सांभाळाल की."

"मला पटत नाही हो, बिरदेव. जखडून टाकल्यावर गाडी वळायची कशी?"

"बाई, आजवर मी तुमाला काय चुकीचं सांगितलंय?"

सांगितलं नव्हतं, हे खरं. बिरदेव सहसा असा हट्ट धरायचा नाही. एखादी गोष्ट दोन तऱ्हांनी होत असली तर दोन्ही समोर ठेवायचा आणि निवड गिऱ्हाइकावर सोडायचा. ह्या बाबतीत मात्र तो तसूभर हलेना. बाईंनी कपातला उरलेला चहा संपवला आणि म्हणाल्या, "बरं. करा. बघू या तरी."

त्यानं एक्सलच्या मधलं हौसिंग उघडलं, आतले गिअर एकमेकांना डागून टाकले आणि झाकण लावून पुढच्या रविवारी गाडी बाईंच्या हवाली केली.

मंगळवेढ्याच्या रस्त्याला, शहर मागं पडल्यावर, एक ओढा लागतो. त्याच्या अलीकडं रस्ता उजवीकडं चांगलाच वळतो. सकाळी तिथं वर्दळ नसायची, म्हणून बाई गाडी तपासायला तिकडंच न्यायच्या. बिरदेव जीप घेऊन पुढं गेला आणि वळणाच्या आतल्या बाजूला, एका बाभळीखाली जाऊन उभा राहिला. थंडी होती. दोन्ही अंगांना शाळू पुरुषभर वाढलेला, कणसं हुरड्याला आलेली. एका वावरात माळ्यावर उभी राहून एक म्हातारी गोफणीनं पाखरं हाकत होती.

गाडी आधी ऐकू आली, मग दिसली. सरळ रस्त्याला ती अशी आली की बिरदेवला बरं वाटलं. वळण आलं. बाईंनी स्टिअरिंग फिरवलेलं त्यानं पाहिलं. पुढची चाकं तिरपी झालेलीही पाहिली. पण गाडी वळली नाही. मागची दोन्ही चाकं एकजुटीनं तिला सरळ पुढं ढकलत राहिली, आणि गाडी चाकं तिरपी केलेल्या अवस्थेतच रस्ता सोडून, बांधावरनं उडी घेऊन शाळूत शिरली. धाटं मोडल्याचा कडकड आवाज झाला, पाखरांचा थवा उठला, आणि सगळं थांबलं.

बिरदेव धावत सुटला. त्याच्या आधी माळ्यावरची म्हातारी पोचली होती.

"लागलं का गं बाई?" ती विचारत होती. "हात हलवून दाव. पाय दाव."

बाई डोक्यातनं शाळूची पानं काढत होत्या. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. त्यांनी हात हलवून दाखवला. मग म्हातारीनं मागं वळून पाहिलं. बांधापासून गाडीपर्यंत शाळूत एक रुंद वाट पडली होती.

"आरं द्येवा," ती म्हणाली. "ऐन हुरड्यात."

तिचं नाव सोजरबाई. वावर तिचंच. लेक मोहोळला कामाला, सून बाळंतपणाला माहेरी, म्हणून राखण तिच्याकडं. बिरदेव पुढं झाला, "आजी, जे नुकसान झालं ते भरून देतो," म्हणाला. ती त्याच्याकडं बघतच राहिली.

"ते बगू मागनं. आदी मला हे सांग, वाट वळत हुती तर ह्यी का वळली न्हाय? बाईनं चाक तर फिरवलं हुतं. मी वरनं बगितलं की."

बिरदेवनं तोंड उघडलं, पण डिफरन्शियल हा शब्द तिच्यापुढं टाकून काही होणार नव्हतं. त्यानं इकडंतिकडं बघितलं. वावराच्या कडेला खळ्याची जागा सारवून ठेवली होती, मधोमध तिवड्याचा खांब रोवलेला.

"आजी, खळ्यावर पात धरता तवा बैलं तिवड्याभवती फिरतात का न्हाय? आतल्या बैलाला थोडं चालावं लागतं, भायेरच्याला लई. आतला सावकाश, भायेरचा बिगीबिगी. तसंच गाडीचं असतंय. वळताना आतल्या चाकाला कमी पळायचं, भायेरच्याला जास्त. मी काय केलं, दोघांचं पाय एकमेकांना बांधून टाकलं."

"मग कशी फिरायची पात?" सोजरबाई म्हणाली.

"न्हाय फिरायची," बिरदेव म्हणाला.

त्याला स्वतःचंच बोलणं ऐकून कसंसंच झालं. हे काय त्याला आजच कळलं होतं? पलटणीत नव्या पोरांना तो हेच शिकवत आला होता. तरीही हातात वेल्डिंग घेऊन त्यानं ते डागलं होतं, आणि बाई नको म्हणत असताना डागलं होतं.

सोजरबाई बैल आणायला गेली. मोडलेल्या धाटांची कणसं वाया जाऊ नयेत म्हणून जाताना तिनं चार काटक्या पेटवून दिल्या आणि बाईंना सांगितलं, "भाजा अन् खावा. मोडलंच हाय तर पोटात तरी जाऊ द्या." ती दोघं बांधावर बसली. बिरदेव कणसं निखाऱ्यांत फिरवत होता, बाई तळहातावर चोळून दाणे काढत होत्या.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला एवढी खात्री कशाची होती?"

बिरदेवनं एक कणीस उलटं केलं.

"आमच्याकडचा एक धुळा म्हणून हुता," तो म्हणाला. "आमी संगच भरती झालो. त्यो गाडी चालवायचा, मी दुरुस्त करायचो. बासष्टला चीनच्या लढाईत आमाला वर डोंगरात धाडलं. माघारी फिरायचा हुकूम आला त्या दिवशी पाऊस, चिखल. धुळ्याच्या ट्रकात औषधं अन् कांबळी. एका चढाला मागचं एक चाक चिखलात गेलं. दुसरं चाक चांगलं खडकावर हुतं, बाई. खडकावर! पन ते फिरंना, अन् चिखलातलं गरागरा फिरतंय. आमी दगडं घातली, फांद्या घातल्या, कांबळी घातली. न्हाय निघाला. साहेब म्हनला, सोडा ट्रक, चालत निघा. धुळा म्हनला, तुमी व्हा फुडं, मी एकडाव आनि बगतो, आलोच मागनं."

बाईंनी चोळायचं थांबवलं.

"आला न्हाय," बिरदेव म्हणाला. "ट्रक बी गेला, त्यो बी गेला. तवापास्नं एक चाक गरागरा फिरताना बगितलं की माझं डोकं चालत न्हाय. वाटतं, हे बांदून टाकावं. दुसऱ्या चाकाला फिरायलाच लावावं."

वर माळ्यावर कुणी नाही बघून पाखरं परत उतरली होती. मग बाई म्हणाल्या, "तो चिखल होता, बिरदेव. तिथं जखडलेलं चाक बरोबर होतं. चिखलात ते घसरत घसरत वळलं असतं. हा रस्ता आहे. घाटात वळायचं आहे मला."

"व्हय," तो म्हणाला. "आता दिसलं की समोर."

सोजरबाईच्या बैलांनी गाडी बाहेर काढली. नुकसानीचं म्हणून बाई काही देऊ लागल्या, तर तिनं हात मागं घेतला. तिच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन दिवाळीपासून बंद पडलं होतं, ते कुणी सुरू करून दिलं तर बघा म्हणाली. बिरदेव दुसऱ्याच दिवशी गेला. इंजिनाची सुई जाम झाली होती. दुपारपर्यंत पाणी पाटाला लागलं, आणि सोजरबाईनं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

आता प्लेटांचं डिफरन्शियल शोधायचं. पुण्याला फौजेच्या मोडीत काढलेल्या मालाचे ढीग विकणारे व्यापारी होते. बाईंनी दवाखान्याला एक दिवस सुट्टी दिली आणि दोघं पहाटेच्या गाडीनं गेली. एका पत्र्याच्या आवारात जीपचे एक्सल सरपणासारखे रचून ठेवले होते. बाहेरनं सगळे सारखेच. आत काय आहे ते प्रत्येक खोलून कोण बघणार?

"खोलायची गरज न्हाय," बिरदेव म्हणाला. "तुमी त्या टोकाला बसा. मी ह्या टोकाचं फिरवतो. साधं असंल तर तुमच्याकडचं उलट्या दिशेला फिरंल. प्लेटांचं असंल तर माझ्या संगट, सरळ."

बाई पदर खोचून धुळीत बसल्या. आवाराच्या मालकाला हे काय चाललंय ते कळेना. त्यानं एक खुर्ची मागवली, ती तशीच रिकामी राहिली.

"फिरवलं. कसं?"

"उलट."

पुढचा.

"उलट."

पुढचा.

"उलटच. हा गंजलाय, फिरतच नाही. हा उलट."

ऊन वर आलं. बाईंच्या तळव्यांना काळं ग्रीस लागलं, कपाळाचा घाम पुसताना ते कपाळालाही लागलं. ढीग निम्मा संपला तशी बिरदेवची उमेदही निम्मी झाली. तेवढ्यात पलीकडनं आवाज आला.

"बिरदेव! सरळ!"

"नीट बगा."

"सरळ फिरतंय हो, तुमच्याबरोबर!"

"वेल्डिंग केलेलं बी असू शकतंय," तो म्हणाला. आता त्याला घाई करायची नव्हती. "तुमचं टोक घट्ट धरा. अंग टाका त्याच्यावर. मी पहार घालून जोर लावतो."

बाईंनी दोन्ही हातांनी टोक धरून ठेवलं. बिरदेवनं पहार अडकवून ताणलं. आधी काहीच हललं नाही. मग आतनं कुरकुर करत, झगडत, त्याचं टोक हळूच सरकलं. बाईंचं जागच्या जागी होतं.

"सुटतंय," तो म्हणाला. "पन भांडून सुटतंय." आणि तो सकाळपासून पहिल्यांदा हसला.

घरी आणून उघडलं तर आतल्या काही चकत्या जळून निळ्या पडल्या होत्या, एक वाकली होती. चांगल्या तेवढ्या त्यानं ठेवल्या, उरलेल्या क्लचच्या जुन्या पोलादी प्लेटांतनं कापून, काच ठेवून त्यावर घासून सपाट केल्या. ते सगळं जमलं. खरा प्रश्न त्याच्या पुढचा होता: त्या चकत्या एकमेकींवर किती दाबून बसवायच्या? मागं पातळ पत्र्याच्या कड्या घालून तो दाब कमी-जास्त करता येत होता. दाब फार झाला की तेच वेल्डिंग, नुसतं नाव वेगळं. फार कमी झाला की आतलं चाक पुन्हा मोकाट.

मोजायला त्यानं सुताच्या गोदामातला वजनाचा हुकाचा काटा उसना आणला. एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. वरच्या चाकाला लोखंडी दांडा बांधायचा आणि त्याच्या टोकाला काटा अडकवून ओढायचं. चाक सरकायच्या क्षणी काटा जे दाखवेल तो दाब. बिरदेवनं पहिल्यांदा बसवलं तेव्हा काटा चांगलाच खाली उतरला.

बाईंनी गाडी फिरवून आणली. "वेल्डिंगपेक्षा पुष्कळ बरी आहे. पण अजून ढकलतेय. वळताना हात कुणी धरून ठेवल्यासारखं वाटतंय."

त्यानं एक कडी काढली. बाई परत गेल्या, परत आल्या. "अजून जरा."

"बाई, अजून काढली तर चाक सुटंल. हितनं खाली मी जात न्हाय."

बाईंनी वाद घातला नाही. शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून खाली ठेवली. "बसा."

"मी?"

"तुम्ही नेहमी रस्त्याच्या कडेला उभे असता. एकदा आतनं बघा."

एवढ्या वर्षांत बिरदेवनं त्या गाडीचा एकेक नट हातात घेतला होता, तिला गॅरेजातनं रस्त्यावर आणि रस्त्यावरनं गॅरेजात नेली होती. पण ती पळते तेव्हा तो तिच्यात कधी बसला नव्हता. तो अंग चोरून बसला. बूड जमिनीपासून वीतभर वर. खालनं रस्ता पळताना दिसत होता. शहर संपलं तशी बाईंनी गाडी सोडली. वारा एवढा की डोळ्यांतनं पाणी आलं. ओढ्याचं वळण समोर दिसलं, आणि बिरदेवनं दोन्ही हातांनी पत्र्याची कड धरली.

ज्या गोष्टी तो कडेला उभा राहून कानानं ऐकायचा, त्या आता बुडाखालनं अंगात येत होत्या. वळण सुरू झालं तेव्हा गाडी आखडली. आधी नाही म्हणाली, मग नाइलाजानं वळली. बाईंच्या मनगटाच्या शिरा त्याला दिसल्या. बाहेर पडताना दोन्ही चाकांनी गाडी पुढं फेकली, ते चांगलं होतं. पण आत शिरताना बाई स्टिअरिंगशी अक्षरशः झोंबत होत्या. आणि हे एक वळण होतं. घाटात अशी एकामागनं एक होती.

"परत एकदा जाऊ?" बाईंनी ओरडून विचारलं.

"जावा," तो ओरडला.

तिसऱ्या खेपेला त्याची मूठ सैल झाली आणि तो फक्त बसून राहिला, अंगाला जे कळतंय ते कळू देत. गाडी थांबल्यावर तो उतरला, गाडीच्या मागं बांधलेला जॅक आणि पान्हे काढले आणि तिथंच, बाभळीखाली, पोतं अंथरून कामाला लागला. बाई म्हणाल्या, "गॅरेजात जाऊन करा की." त्यानं मान हलवली. दुपारपर्यंत त्यानं अजून एक कडी काढली होती आणि सगळं पुन्हा जुळवलं होतं. माळ्यावरनं सोजरबाई ओरडून विचारत होती, आज वावरात येणार आहात का नाही.

त्या खेपेला बिरदेव पुन्हा आत बसला. वळण आलं. गाडी वळली, कुणी न सांगता, जणू रस्त्यानंच तिला वळवलं. मधोमध बाईंनी पाय दाबला. आतलं चाक निसटलं. त्याला ते बुडाखाली स्वच्छ कळलं, एक क्षणभर गरगरणं. त्याचा हात पत्र्याच्या कडेवर गेला. पण लगेच चकत्यांनी धरलं, बाहेरच्या चाकानं रेटा दिला आणि गाडी ओढ्यावरच्या फरशीकडं झेपावली.

"सुटलं हुतं," तो म्हणाला.

"सुटलं होतं, अन् परत आलं," बाई म्हणाल्या. "एवढंच पाहिजे मला."

"ऱ्हाऊ द्या मग असंच."

घाटातली शर्यत फाल्गुन वद्यात झाली. मुंबईच्या मोठमोठ्या गाड्या आल्या होत्या, कुणाकुणाबरोबर चार-चार मेकॅनिक. बिरदेव दुसऱ्या वळणाच्या वरच्या कठड्यावर बसला. पहिल्या फेरीत बाईंचा गिअर चुकला आणि वेळ गेला. दुपारच्या दुसऱ्या फेरीला गाडीचा आवाज खालच्या झाडीतनं वर येताना त्यानं ओळखला. वळणात ती हिरवी गाडी कलली, आतल्या चाकाखालनं धुराचा एक छोटा फुगा निघाला आणि तिथंच विरला. गाडी वर निघून गेली. आवाजात कुठं खंड पडला नाही. तो तसाच बसून राहिला, पुढची गाडी येऊन गेली तरी.

बाई जुन्या गाड्यांत दुसऱ्या आल्या. पहिली आलेली गाडी इंजिनानं दुप्पट होती. तिचा मालक, एक उंच पारशी गृहस्थ, बिरदेवला शोधत आला आणि खाली वाकून एक्सल बघत म्हणाला, "काय घातला हाय ह्यात?"

"जीपचंच हाय, साहेब."

"जीप?"

"व्हय. फकस्त घट्ट किती धरायचं ते बाईंनी ठरवलं."

बाई हेल्मेट काढत होत्या. "आम्ही दोघांनी ठरवलं," त्या म्हणाल्या, आणि पाणी मागितलं.

एक खोड मात्र राहिली. गाडी अगदी सावकाश, अरुंद जागेत वळवली की मागनं कट्-कट्, कट्-कट् असा आवाज यायचा. चकत्या घासायच्या त्याचा. बिरदेवनं दोन तऱ्हेची तेलं बदलून बघितली. थोडा कमी झाला, गेला नाही. बाळीवेशीतल्या गल्ल्या अरुंद. रविवारी फिरून बाई परस्पर दवाखान्याकडं आल्या की कोपऱ्यावर तो आवाज व्हायचा, आणि बाकड्यावर पोरांना मांडीत घेऊन बसलेल्या बाया म्हणायच्या, आल्या बाई.

"काढून टाकू का ह्यो आवाज?" बिरदेवनं पावसाळ्याच्या तोंडाला विचारलं. "अजून एक तेल हाय माझ्या ध्यानात."

"असू द्या की," बाई म्हणाल्या. "पोरं रडायची थांबतात ऐकून."

तो हसला, आणि पान्हा घेऊन शेजारच्या ट्रॅक्टरखाली शिरला.